कायोटीच्या शिकारीसाठी रायफलचं काडतूस कसं निवडायचं

फेब्रुवारी-मार्चमध्ये टेक्ससच्या पॅनहँडलपासून (म्हणजे उत्तर टोकाच्या माळरानापासून) कॅन्सस-नेब्रास्कापर्यंत गायी व्यायला लागतात आणि रँचवाले रात्री-अपरात्री उठून वासरांकडे चक्कर मारू लागतात. नुकतं जन्मलेलं वासरू, कोकरू, करडू यांच्यावर कायोटी, म्हणजे कोल्ह्या-लांडग्यांच्या कुळातला तिकडचा रानटी प्राणी, टपलेला असतो. अमेरिकेत स्थायिक झालेल्या आपल्या मंडळींपैकी काहींनी तिथे जमीन घेतली आहे, काहींना ओळखीचा रँचवाला मदतीला बोलावतो. मग प्रश्न येतो: रायफल आहे, पण तिच्यात घालायचं काय? दुकानात नुसत्या .२२३ या एका मापाच्या काडतुसांच्या कप्प्यासमोर उभं राहिलं तरी डोकं चक्रावतं. वजनं वेगळी, टोकांचे रंग वेगळे, किमती वेगळ्या आणि प्रत्येक खोक्यावर काहीतरी भारी नाव.

बहुतेक लोक अशा वेळी वेगाचा आकडा बघतात आणि सर्वांत मोठा आकडा असलेला खोका उचलतात. मी क्रम उलटा लावतो. आधी जनावर, मग अंतर आणि मागची जमीन, मग आपल्या नळीचे आटे (गोळीला फिरकी देणारे आतले पिळदार चर), मग गोळीची बांधणी, आणि या सगळ्यातून जे दोन-तीन खोके उरतील त्यांतला आपल्या रायफलीला मानवणारा एक. यामागे कारण एकच आहे. कायोटी हे चिवट जनावर आहे. चुकीच्या गोळीने जखमी झाला तर तो पळतो, कुठल्यातरी घळीत शिरतो आणि हळूहळू मरतो. ते टाळणं हे बंदूक हातात घेणाऱ्याचं पहिलं काम आहे, आणि त्या कामाची सुरुवात दुकानातच होते.

आधी कायद्याचं बघा

आपल्या लोकांना लागू पडणारी एक बाब इतर कुणी सांगत नाही म्हणून सर्वांत आधी. अमेरिकेच्या केंद्रीय कायद्यानुसार एच-१बी, एफ-१ अशा बिगर-स्थलांतरित व्हिसावर असलेल्या माणसाला बंदूक आणि काडतुसं दोन्ही बाळगायला मनाई आहे. त्याला काही अपवाद आहेत; त्यातला आपल्या कामाचा म्हणजे अमेरिकेतल्या एखाद्या राज्याने दिलेला, मुदत न संपलेला शिकारीचा परवाना. ग्रीन कार्डवाल्यांना ही मनाई लागू नाही. व्हिसावर असाल तर मित्राच्या रायफलीला हात लावण्याआधी परवाना खिशात हवा, आणि राज्याचे नियम वेगळे असू शकतात म्हणून वकिलाला एकदा विचारलेलं बरं. इमिग्रेशनच्या प्रकरणात बंदुकीचा गुन्हा फार महाग पडतो.

टेक्ससमध्ये कायोटीला बंद हंगाम नाही. खाजगी जमिनीवर मालकाच्या संमतीने वर्षभर शिकार करता येते, पण शिकारीचा परवाना लागतो. गुरांवर हल्ला करणाऱ्या कायोटीबाबत जमीनमालकाला सवलत आहे. २ सप्टेंबर १९७१ रोजी किंवा त्यानंतर जन्मलेल्यांना शिकारी-शिक्षणाचा अभ्यासक्रमही पुरा करावा लागतो. इतर राज्यांत नियम बदलतात, विशेषतः रात्रीची शिकार, थर्मल दुर्बीण आणि कोणतं कॅलिबर (काडतुसाचं माप) चालतं याबाबतीत. पूर्वेकडच्या दाट वस्तीच्या राज्यांत रायफलीवरच बंधनं असतात. म्हणून खोका विकत घेण्याआधी त्या वर्षीची राज्याच्या वन्यजीव खात्याची पुस्तिका वाचा.

आणि ओळख पक्की हवी. ॲरिझोना आणि न्यू मेक्सिकोत मेक्सिकन लांडगा आहे, नॉर्थ कॅरोलायनाच्या पूर्व भागात लाल लांडगा आहे. दोन्ही संरक्षित, दोन्ही लांबून कायोटीसारखे दिसू शकतात. शंका असेल तर चाप ओढायचा नाही. हा सगळा लेख अमेरिकेपुरता आहे, हेही लक्षात असू द्या. आपल्याकडे कोल्हा-लांडग्यांना १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याचं संरक्षण आहे.

जनावराचं माप

हिवाळ्यात कायोटी अंगाने भरलेला दिसतो. ती सगळी लव असते. पश्चिमेकडचा प्रौढ कायोटी साधारण ९ ते १६ किलोंचा. पूर्वेकडचे मोठे असतात, क्वचित २० किलोंपर्यंत जातात. हाडं बारीक, छाती अरुंद. बाजूने उभा असेल तर हृदय आणि फुप्फुसं मिळून जी जागा होते ती जेमतेम ४ ते ५ इंचांची. समोरून तोंड करून उभा असेल, आणि कॉल (शिकाऱ्याने काढलेला नकली आवाज) ऐकून येणारा कायोटी बरेचदा थेट तोंडावरच येतो, तर ती जागा आणखी लहान.

या मापातून दोन गोष्टी निघतात. एक, अचूकता ताकदीपेक्षा आधी लागते. दुसरी, गोळीला उघडायला जागा फार कमी मिळते. हरणासाठी बनवलेली जाड कवचाची गोळी ७०-८० किलोंच्या अंगात खोल शिरून मग फुलायची असते. कायोटीच्या अरुंद छातीत तिला फुलायला वेळच मिळत नाही. ती आरपार जाते आणि कायोटी पळत सुटतो. तेव्हा 'हरणाला चालते म्हणजे कायोटीला चालेलच' हा हिशेब धरू नका.

कॅलिबर

नवी रायफल घ्यायची असेल तर .२२३ रेमिंग्टनपासून सुरुवात करा. दुकानात लोक तिला 'टू-ट्वेंटी-थ्री' म्हणतात. १९६४ पासून बाजारात असलेलं हे काडतूस गावोगाव मिळतं, सेंटरफायर (बुडाच्या मधोमध ठिणगी पडणाऱ्या) काडतुसांत स्वस्त आहे, धक्का कमी देतं आणि ५५ ग्रेनच्या गोळीला २४ इंची नळीतून साधारण ३,२४० फूट प्रति सेकंद वेग देतं. ग्रेन म्हणजे ०.०६४८ ग्रॅम, ५५ ग्रेनची गोळी साडेतीन ग्रॅमच्या आसपास. धक्का कमी असल्याचा फायदा असा की चाप ओढल्यावर दुर्बिणीतून जनावर नजरेआड होत नाही. गोळी कुठे लागली, तो कुठल्या बाजूला पडला, दुसरा कायोटी मागे आहे का, सगळं दिसतं. २००-२५० यार्डांपर्यंत बहुतेक लोकांना याहून जास्त काही लागत नाही.

मोकळ्या माळावर ३०० यार्डांचे नेम नेहमीचे असतील तर .२२-२५०. तीच ५५ ग्रेनची गोळी, पण वेग ३,६८० च्या आसपास. .२०४ रुगर हे २००४ चं काडतूस. ४० ग्रेनची गोळी ३,९०० ने जाते आणि फार सपाट उडते. त्यात ३२ ग्रेनचीही मिळते आणि तिचा वेग ४,२०० च्या वर असतो, पण कायोटीसाठी मी ४० चीच सुचवेन. कारण पुढे बांधणीत येईल. .२४३ विंचेस्टर १९५५ पासूनचं. ज्याला एकाच रायफलीत हरीण आणि कायोटी दोन्ही करायचे आहेत आणि जिथे वारा सतत वाहतो, त्याच्यासाठी हे उत्तम. फक्त कायोटीसाठी त्यात ५८ ते ७५ ग्रेनची हलकी, पटकन फुटणारी गोळी घ्यायची. ९५-१०० ग्रेनचे खोके हरणाचे. घरात आधीच ६.५ क्रीडमूर असेल तर नवीन काही घेण्याची गरज नाही, तिच्यातही हलक्या गोळ्यांचे खोके मिळतात. कातड्याची मात्र आशा ठेवू नका.

.२२ एलआर हे छोटं काडतूस नको. .१७ एचएमआर हे २००२ चं काडतूस सशासाठी आणि प्रेअरी डॉग या बिळात राहणाऱ्या छोट्या प्राण्यासाठी छान आहे. १७ ग्रेनची गोळी कायोटीच्या खांद्याला लागली तर खांद्यावरच संपते. जवळून, डोक्यावर, शांत उभ्या जनावरावर तिने काम होतं हे खरं, पण तशी संधी मिळेलच या भरवशावर निघायचं नसतं.

गोळीची बांधणी

खरी निवड इथे आहे. एकाच कॅलिबरच्या, एकाच वजनाच्या दोन गोळ्या जनावराच्या अंगात अगदी वेगळ्या वागतात.

गोळी म्हणजे शिशाचा गाभा आणि त्यावर तांब्याच्या मिश्रधातूचं कवच. कवच किती जाड, टोक कसं, यावर ती कधी उघडणार ते ठरतं. कायोटीसाठी जी गोळी हवी तिला अमेरिकन बाजारात 'व्हार्मिंट' गोळी म्हणतात: पातळ कवच, टोकाला पोकळी आणि त्या पोकळीत बसवलेलं प्लास्टिकचं रंगीत टोक. हॉर्नेडीची व्ही-मॅक्स लाल टोकाची, नॉस्लरची बॅलिस्टिक टिप व्हार्मिंट, सिएराची ब्लिट्झकिंग, सगळ्यांचं तत्त्व तेच. प्लास्टिकचं टोक हवेत गोळीला सुळसुळीत ठेवतं, आणि अंगाला लागताच पाचरीसारखं आत ढकललं जाऊन गोळी आतून फाडतं. दोन-तीन इंचांत गोळीचे तुकडे होतात आणि सगळी ताकद छातीतच उतरते.

नीट लागलेल्या गोळीचा परिणाम कातडं सोलताना दिसतो. खांद्याच्या मागे लव बाजूला सारावी लागते इतकं बारीक भोक, आत फुप्फुसांचा चेंदामेंदा, आणि दुसऱ्या बाजूला बरेचदा काहीच नाही. असा कायोटी जिथे उभा होता तिथेच पडतो.

आता याच गुणाची दुसरी बाजू. फार हलकी, फार पातळ आणि फार वेगवान गोळी खांद्याच्या हाडावर किंवा जाड स्नायूवर लागली तर आत शिरण्याआधीच फुटते. वर तळहाताएवढी उथळ जखम होते, बघायला भयंकर. पण छातीच्या आत काही पोचलेलं नसतं. असा कायोटी पळून जातो. म्हणूनच .२०४ मध्ये ३२ ऐवजी ४० ग्रेन, आणि .२२३ मध्ये ३५-४० ग्रेनच्या झगमगीत वेगाच्या खोक्यांऐवजी ५० ते ५५. जवळच्या अंतरावर हा धोका वाढतो, कारण तिथे वेग सर्वांत जास्त असतो. दाट झुडपात ३०-४० यार्डांवर नेम घ्यायचे असतील तर .२२-२५० ची नाजूक गोळी घेऊन बसण्यापेक्षा .२२३ ची ५५ ग्रेन किंवा थोड्या जाड कवचाची ६० ग्रेनच्या आसपासची सॉफ्ट पॉइंट बरी.

सॉफ्ट पॉइंट म्हणजे टोकाला शिसं उघडं असलेली साधी गोळी. स्वस्त असते, व्हार्मिंट गोळीपेक्षा सावकाश फुलते, कधी आरपार जाते. पिलं-वासरं वाचवायची आहेत, कातडं विकायचं नाही, तर तिच्यात काही खोट नाही.

पूर्ण कवचाची गोळी, म्हणजे लष्करी धाटणीची एफएमजे, मात्र घेऊ नका. ती सर्वांत स्वस्त असते आणि 'छोटं भोक पडतं, कातडं वाचतं' असा तिचा लौकिक आहे. पण ती बहुधा न उघडता सरळ पार होते, कायोटी पळतो, आणि जमिनीवर आपटून ती उसळी घेते ती वेगळीच. हिरव्या टोकाच्या एम८५५ मध्ये तर पोलादी तुकडा असतो. अनेक रेंजवर ती आत घेऊन जायलाही बंदी आहे. एफएमजे कागदावर सराव करायला ठेवा.

कातड्याबद्दल थोडं. नोव्हेंबरच्या शेवटापासून फेब्रुवारीपर्यंत लव सर्वांत दाट असते. पण कॅनडा गूज कंपनीने जून २०२१ मध्ये लव वापरणं थांबवायचं जाहीर केलं आणि जॅकेटच्या टोपीच्या काठासाठी लागणाऱ्या कायोटीच्या कातड्याचा मोठा गिऱ्हाईक गेला. आज कातड्यासाठी काडतुसावर जास्त पैसे घालण्यात फारसा अर्थ नाही. तरी घरच्यासाठी कमवायचं असेल तर .२०४ किंवा .२२३ मधली व्हार्मिंट गोळी, आणि नेम खांद्याच्या हाडावर न धरता त्याच्या किंचित मागे.

नळीचे आटे

रायफलीच्या नळीवर किंवा तिच्या पुस्तिकेत १:१२, १:९, १:८, १:७ असं लिहिलेलं असतं. १:९ म्हणजे गोळी ९ इंचांत एक पूर्ण फेरा घेते. लांब गोळीला स्थिर उडायला जास्त फिरकी लागते. .२२३ पुरतं सांगायचं तर १:१२ मध्ये ५५ ग्रेनपर्यंत थांबा. १:९ मध्ये ६९ ग्रेनपर्यंत सहसा चालतं. १:८ आणि १:७ मध्ये ७७ ग्रेनही सरळ जाते. जुन्या .२२-२५० च्या नळ्या बहुतेक १:१४ असतात, त्यांत ५५ ग्रेनच्या पुढे जाऊ नका. फिरकी कमी पडली की कागदावर भोक गोल न पडता लांबट पडतं. असं दिसलं तर तो खोका त्या रायफलीसाठी बाद.

फिरकी जास्त झाली तर? ३,२४० च्या वेगाने १:१२ च्या नळीतून निघालेली गोळी मिनिटाला सुमारे १ लाख ९४ हजार फेरे घेत असते. तीच १:७ मधून निघाली तर ३ लाख ३३ हजार. नेहमीच्या व्ही-मॅक्ससारख्या गोळ्या हे सहन करतात, पण अतिपातळ कवचाच्या काही गोळ्या हवेतच फुटतात. नेमाच्या कागदापर्यंत काही पोचतच नाही. म्हणून एआर प्रकारच्या (लष्करी धाटणीच्या अर्धस्वयंचलित) रायफलीच्या १:७ नळीत अतिहलकी, 'एक्स्प्लोसिव्ह' म्हणवणारी गोळी घालू नका.

अंतर, वारा आणि नळीची लांबी

खोक्यावरचा वेग बहुधा २४ इंची नळीतून मोजलेला असतो. तुमची एआर १६ इंची असेल तर दर इंचाला साधारण २५-३० फूट प्रति सेकंद वजा धरा. म्हणजे ३,२४० चे ३,००० च्या आसपास उरतात. हा हिशेब केला नाही तर ३०० यार्डांवर गोळी धरलेल्यापेक्षा खाली लागते.

२०० यार्डांवर नेम बसवला असेल, म्हणजे त्या अंतरावर गोळी बरोबर मध्यावर लागेल अशी दुर्बीण लावली असेल, तर २४ इंची .२२३ मधून ५५ ग्रेनची व्ही-मॅक्स १०० यार्डांवर दीड इंच वर लागते, २५० ला सुमारे ३ इंच खाली आणि ३०० ला ७ इंच खाली. कायोटीची जागा ४-५ इंचांची हे आठवा. म्हणजे २२५ यार्डांपर्यंत थेट जनावरावर नेम धरता येतो, त्यापुढे हिशेब करावा लागतो. .२२-२५० तीच गोळी ३०० ला साधारण ५ इंच खाली नेते, .२०४ ची ४० ग्रेन ४ इंचांच्या थोडं पुढे.

पण माळरानावर घात करतो तो वारा. पॅनहँडलमध्ये ताशी १० मैल म्हणजे लोकांना वारा पडल्यासारखं वाटतं. तेवढ्याच आडव्या वाऱ्यात .२२३ ची ५५ ग्रेन २०० यार्डांवर साडेचार इंच आणि ३०० वर जवळजवळ ११ इंच सरकते. .२२-२५० साधारण ९ इंच. .२०४ ची ४० ग्रेन आणि .२४३ ची ७५ ग्रेन ८ इंचांच्या आसपास. खाली पडणं दुर्बिणीच्या काट्यांनी भरून काढता येतं, कारण ते दर वेळी तेवढंच असतं. वारा दर क्षणाला वेगळा. म्हणून सतत वाऱ्यात शिकार करणाऱ्याने हलक्या गोळीच्या वेगाला भुलू नये. हवा चांगली कापणारी, त्याच वर्गातली थोडी जड गोळी घ्यावी. .२२३ मध्येच ५५ ऐवजी ५३ ग्रेनची व्ही-मॅक्स बघा. वजनाने किंचित हलकी असूनही लांबट आकारामुळे ती वाऱ्यात कमी सरकते.

मागची जमीन

कायोटीच्या मागे काय आहे? गुरं, पवनचक्कीचा पंप, शेजाऱ्याचं घर, रस्ता? सपाट, गोठलेल्या किंवा खडकाळ जमिनीवर चुकलेली गोळी उसळते. तिथे पातळ कवचाची गोळी दुहेरी उपयोगी पडते, कारण ती जमिनीला लागताच बहुतेक वेळा फुटून जाते. 'बहुतेक वेळा' हे शब्द नीट वाचा. कुठलीही गोळी शंभर टक्के फुटेल अशी खात्री नाही, त्यामुळे मागे मातीचा उंचवटा नसेल तर कितीही चांगलं काडतूस असलं तरी तो नेम सोडून द्यायचा. माथ्यावर उभ्या कायोटीवर, ज्याच्या मागे नुसतं आकाश आहे, कधीच नाही.

शिसं चालतं की नाही

कॅलिफोर्नियात १ जुलै २०१९ पासून कुठल्याही वन्यप्राण्याच्या बंदुकीने केलेल्या शिकारीत शिशाची गोळी वापरता येत नाही, कायोटी धरून. कारण कॅलिफोर्निया काँडॉर. हे गिधाड मेलेल्या जनावरातले शिशाचे कण गिळतं आणि विषबाधेने मरतं. इतर राज्यांत बंदी नसली तरी गरुडांचाही प्रश्न तोच आहे. व्हार्मिंट गोळी फुटून शिशाचा चुरा होतो आणि पडलेला कायोटी बहुधा तिथेच सोडला जातो. शिशाची गोळी वापरली तर जनावर खोल पुरावं, अशी माझी कळकळीची विनंती आहे.

बिनशिशाच्या गोळ्यांत हॉर्नेडीची एनटीएक्स आहे, बार्न्सची व्हार्मिंट ग्रेनेड आहे. दुसरीचा गाभा तांबं आणि कथिलाच्या भुकटीचा असतो. हे धातू शिशापेक्षा हलके, म्हणून त्याच वजनाची गोळी लांब होते आणि तिला फिरकी जास्त लागते. बिनशिशाचा खोका घेताना आट्यांचा आकडा दुसऱ्यांदा तपासा. नुसत्या घन तांब्याच्या हरणाच्या गोळ्या कायोटीसाठी मला पटत नाहीत, त्या फार जपून उघडतात.

खोका आणि नळी: जुळणी

नळीवर कोरलेलं नाव आणि खोक्यावरचं नाव एकच हवं. हे साधं वाटतं, पण दोन ठिकाणी लोक फसतात.

पहिलं .२२३ आणि ५.५६ नाटो. बाहेरून दोन्ही काडतुसं सारखीच दिसतात. ५.५६ च्या चेंबरला (नळीत काडतूस बसतं त्या जागेला) पुढे थोडी जास्त मोकळीक असते. म्हणून ५.५६ लिहिलेल्या नळीत .२२३ चालतं, पण .२२३ लिहिलेल्या नळीत ५.५६ घातलं तर दाब धोक्याच्या वर जाऊ शकतो. '.२२३ वाइल्ड' चेंबर दोन्हींसाठी आहे.

दुसरं अधिक गंभीर. .३०० ब्लॅकआउटचं काडतूस त्याच एआरच्या मॅगझिनमध्ये, म्हणजे काडतुसं भरायच्या पेटीत, बसतं, आणि कधीकधी .२२३ च्या चेंबरमध्येही शिरतं. चाप ओढला की जाड गोळी बारीक नळीत अडकते आणि रायफल हातात फुटते. घरात दोन्ही असतील तर मॅगझिन वेगळ्या रंगाची ठेवा, आणि शिकारीला जाताना एकच कॅलिबर गाडीत न्या. दुसऱ्याने घरी भरलेली काडतुसं, कितीही जवळचा मित्र असला तरी, आपल्या रायफलीत घालू नका.

दारू भरायचं नळकांडं पोलादी असलेली स्वस्त काडतुसं सरावाला ठीक. शिकारीला पितळी घ्या.

रेंजवर पडताळणी

इथपर्यंत दोन-तीन खोके उरले असतील. प्रत्येकी २० काडतुसांचा एकेक घ्या आणि १०० यार्डांच्या रेंजवर जा. रायफल पुढे आणि मागे वाळूच्या पिशव्यांवर टेकवा. प्रत्येक खोक्यातल्या ५ गोळ्या एका कागदावर, मधे नळीला गार होऊ द्या, हात लावून बघा. चटका बसत असेल तर थांबा. एका खोक्याकडून दुसऱ्याकडे वळताना पहिल्या दोन गोळ्या हिशेबात धरू नका, नळीला नव्या गोळीची सवय व्हायला तेवढ्या लागतात.

मग कागद शेजारी शेजारी मांडा. सगळ्यांत लांबच्या दोन भोकांमधलं अंतर, मध्यापासून मध्यापर्यंत, पट्टीने मोजा. १०० यार्डांवर दीड इंच म्हणजे २०० ला ३ इंच आणि ३०० ला साडेचार. ४ इंचांच्या जागेवर ३०० यार्डांचा नेम या रायफलीने घ्यायचा नाही, हे कागदच सांगतो. एक इंचाच्या आत आलं तर फारच छान. महागडा खोका दोन इंच आणि साधा खोका एक इंच असं अगदी नेहमी होतं, कारण प्रत्येक नळीची आवड वेगळी. जाहिरातीला तिथे काही किंमत नाही.

आणखी एक गोष्ट मी आवर्जून बघतो: गार नळीतली पहिली गोळी कुठे लागते. शिकारीत मिळते ती तीच. उरलेल्या चार एकत्र आणि पहिली दोन इंच बाजूला असेल तर तो खोका नको, किंवा निदान नेम पहिल्या गोळीवर बसवा.

निवडलेला खोका ठरला की त्याच्या आतल्या झाकणावर किंवा बाजूला छापलेला लॉट क्रमांक टिपून घ्या आणि त्याच लॉटचे हंगामाला पुरतील तेवढे खोके घ्या. लॉट बदलला की नेम पुन्हा तपासायचा. मग २०० यार्डांवर नेम बसवा. १०० यार्डांचीच रेंज मिळत असेल तर दीड इंच वर बसवून काम भागतं, पण २०० वर एकदा खात्री केल्याशिवाय त्या अंतरावर जनावरावर गोळी झाडू नका.

ऑक्टोबरच्या उन्हात बसवलेला नेम जानेवारीच्या पहाटे तसाच राहील असं धरून चालू नका. थंडीत दारू थोडी सावकाश जळते आणि वेग घटतो. जवळच्या अंतरावर फरक जाणवत नाही. २५०-३०० ला जाणवतो. म्हणून हिवाळ्यातल्या एखाद्या गार सकाळी, काडतुसं बाहेरच्याच तापमानाला ठेवून, नेम पुन्हा बघा.

उरलेली काडतुसं

मूळ खोक्यात, कोरड्या, गार जागी, मुलांच्या हाती लागणार नाहीत अशी कुलपात ठेवा. टेक्ससच्या उन्हाळ्यात गाडीच्या डिकीत महिनोन् महिने पडू देऊ नका. हिरवट डाग पडलेलं, चेपलेलं, गोळी हातानं हलणारं काडतूस बाजूला काढा.

अमेरिकेत विमानाने शिकारीला जाताना काडतुसं फक्त चेक-इन सामानात, नीट बांधलेल्या खोक्यात न्यावी लागतात आणि बंदुकीची नोंद काउंटरवर करावी लागते. वजनाची मर्यादा त्या त्या विमान कंपनीची असते, ती आधी बघा.

भारतात यायच्या वेळी तर जास्तच जपा. रेंजवर किंवा शिकारीला वापरलेली पाठपिशवी, जॅकेट, कॅमेऱ्याची बॅग भारताच्या प्रवासाला वापरूच नका. खिशाच्या शिवणीत राहिलेलं एक जिवंत काडतूस मुंबईच्या विमानतळावर स्कॅनरमध्ये दिसलं की १९५९ च्या शस्त्र कायद्याखाली गुन्हा नोंदवला जाऊ शकतो, आणि सुट्टी पोलीस ठाण्याच्या आणि कोर्टाच्या खेपांत जाते. झाडलेल्या काडतुसांची रिकामी पितळी नळकांडीही आठवण म्हणून नेऊ नका. प्रवासासाठी वेगळी बॅग ठेवा, आणि तरीही निघण्याआधी प्रत्येक कप्पा उलटा करून झटका.